कादंबरी आणि कोड, एकाच दप्तरात

नोकरी सांभाळून कादंबरी लिहिणारी आणि त्याच वेळी स्वतःपुरते छोटे प्रोग्रॅम करणारी माणसं ठाण्यात, ऐरोलीत, खारघरला बरीच सापडतील. दोन्ही छंद अडतात मात्र एकाच जागी. वीस दिवसांनी फाइल उघडली की आपण कुठे थांबलो होतो ते आठवत नाही. मग पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात होते, त्यात तास जातो आणि ‘आता उद्या बघू’ म्हणून लॅपटॉप मिटतो. कोडचंही तेच. वेळ कमी पडतो ही तक्रार खरी, पण असलेला वेळ पुन्हा सूर लागेपर्यंतच संपतो हे जास्त खरं.

यावर चालणारी मांडणी अशी: दोन्ही कामं एका फोल्डरात, दोन्हींची नोंद एका वहीत, आणि निदान पहिलं वर्षभर कोड फक्त कादंबरीच्या कामाचा. नवं ॲप वगैरे नंतर. मराठीत लिहिताना कोडिंग येणाऱ्याला करण्यासारखं काम इतकं आहे की वर्ष पुरणार नाही, कारण बाजारातली बहुतेक लेखन-साधनं इंग्रजीसाठी घडवलेली आहेत आणि मराठीत ती बारीक बारीक ठिकाणी फसतात.

लागणारं सामान: साधा लॅपटॉप (चार जीबी रॅमचा जुनाही चालेल), अँड्रॉइड फोन, गिट (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं), पायथन ३ (प्रोग्रॅमिंगची भाषा), पॅनडॉक (साध्या मजकुराचं वर्ड, पीडीएफ वगैरे करून देणारं) आणि कोणताही साधा टेक्स्ट एडिटर. सगळं सॉफ्टवेअर फुकट.

फोल्डर आणि फाइली

एका मुख्य फोल्डरात चार उपफोल्डर करा: कथा, कोड, नोंद, बाहेर. नावं मराठीच, पण लिपी रोमन ठेवा. देवनागरी नावं चालतात, पण गिट ती यादीत दाखवताना अक्षरांऐवजी उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे दाखवतं. ‘कोअर.कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की ते थांबतं, तरी दुसऱ्या यंत्रावर पुन्हा तेच. त्यापेक्षा फाइलींना आकडे द्या: तिसऱ्या प्रकरणातलं दुसरं दृश्य म्हणजे ०३-०२. पुढचं शून्य विसरू नका, नाहीतर दहावं प्रकरण दुसऱ्याच्या आधी येऊन बसतं.

एक दृश्य, एक फाइल. आठशे ते दीड हजार शब्द हा सोयीचा आकार. वर्ड किंवा गूगल डॉक्समध्ये लिहू नका, साध्या टेक्स्टमध्ये, मार्कडाउन (शीर्षक, यादी वगैरे साध्या चिन्हांनी दाखवायच्या) पद्धतीने लिहा. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. त्या हिशोबाने ६०,००० शब्दांची कादंबरीही सव्वा एमबीच्या आसपास राहते. फोनवरून हलवायला काहीच नाही.

प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर चार ओळी: वर्ष, ठिकाण, पात्रं, स्थिती. स्थितीत तीनच शब्द वापरा: कच्चा, दुरुस्त, पक्का. चौथा शब्द आला की तो ठरवण्यात वेळ जातो. त्याखाली तीन आडव्या रेघांची ओळ आणि मग मजकूर.

मजकुराचा एकच नियम, आणि तो पाळायला सुरुवातीला जड जातो: एका ओळीत एकच वाक्य. वाक्य संपलं की एंटर. परिच्छेद संपला की एक ओळ मोकळी. पॅनडॉक शेवटी या ओळी जोडून नीट परिच्छेद करतं, त्यामुळे छापील रूपात फरक पडत नाही. पण गिट ओळीओळीने तुलना करतं. अख्खा परिच्छेद एका ओळीत असेल तर एक स्वल्पविराम बदलला तरी दीडशे शब्द बदलल्यासारखे दिसतात. पुढे काळ तपासणाऱ्या स्क्रिप्टलाही (स्क्रिप्ट म्हणजे छोटा प्रोग्रॅम) हीच सवय उपयोगी पडते.

संवाद आडव्या रेघेने सुरू करायची सवय असेल तर सोडा, अवतरणचिन्हं वापरा. ओळीच्या सुरुवातीची रेघ आणि पुढची मोकळी जागा मार्कडाउनला यादीचा ठिपका वाटते, आणि नायक-नायिकेचं भांडण किराणा मालाच्या यादीसारखं छापून येतं.

गिट, लेखकाला लागेल तेवढंच

मुख्य फोल्डरात ‘गिट इनिट’ एकदा. मग रोजच्या चार आज्ञा: बसल्यावर ‘गिट पुल’ (ऑनलाइन प्रतीतलं ताजं खाली घेणं), उठताना ‘गिट ॲड’ आणि ‘गिट कमिट’ (बदल निवडून इतिहासात नोंदवणं), शेवटी ‘गिट पुश’ (ते वर चढवणं). त्यासाठी गिटहब या साइटवर खाजगी रिपॉझिटरी (अशा फोल्डराची ऑनलाइन जागा) उघडा. २०१९ पासून ती फुकट खात्यावरही हवी तितकी मिळते. खाजगी आहे ना, हे दोनदा बघा.

फांद्या, मर्ज, रीबेस यांच्या मागे लागू नका. कादंबरीचा शेवट दोन प्रकारे लिहून बघायचा असेल तर दोन फाइली करा. फांद्यांवर लिहिलेली गद्याची दोन रूपं पुन्हा एकत्र करणं हा वेळखाऊ आणि डोकं उठवणारा उद्योग आहे.

तीन ठिकाणी हमखास गाडी अडते.

विंडोज लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन दोन्हींवर लिहिलं की कधीकधी अख्खी फाइल बदललेली दिसते, जरी तुम्ही एकच शब्द बदलला असला तरी. कारण ओळ संपवण्याची दोन्हीकडची खूण वेगळी. मुख्य फोल्डरात ‘गिट-ॲट्रिब्यूट्स’ची फाइल करून सगळ्या फाइलींसाठी ‘टेक्स्ट=ऑटो’ एवढं लिहिलं की प्रश्न मिटतो. हे पहिल्याच दिवशी करा, नंतर केलं तर एकदा सगळा इतिहास लालहिरवा होतो.

दुसरं, गिटचं फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा तत्सम आपोआप जुळणाऱ्या फोल्डरात ठेवू नका. गिटच्या आतल्या शेकडो बारक्या फाइली अर्धवट चढल्या-उतरल्या की इतिहास बिघडतो आणि तो दुरुस्त करणं छंदाच्या कक्षेबाहेरचं काम आहे.

तिसरं फोनवरचं. टर्मक्स या ॲपमध्ये टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, मिळते आणि तिच्यात गिट आणि पायथन दोन्ही चालतात. पण फोल्डर फोनच्या सामायिक स्टोरेजमध्ये ठेवलं की गिट मालकीबद्दल शंका घेतं आणि काम नाकारतं. त्या फोल्डराचा पत्ता ‘सेफ.डिरेक्टरी’ सेटिंगमध्ये घातला की चालू होतं. फोल्डर टर्मक्सच्या आतच ठेवायचा मोह होईल, पण मग लिहायचंही टर्मिनलमध्येच आलं, आणि टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटतात. सामायिक स्टोरेज आणि मार्कॉरसारखा साधा एडिटर हीच जोडी बरी.

सेटिंग झाल्यावर बदल बघताना ‘गिट डिफ’ला ‘वर्ड-डिफ’ हा पर्याय जोडा. शब्दाशब्दाचा फरक दिसतो, आणि काल रात्री आपण नुसती क्रियापदं इकडची तिकडे केली होती हे उघडं पडतं.

पहिली स्क्रिप्ट: अक्षरांची साफसफाई

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथे चुकलात तर पुढचं सगळं चुकतं. मराठीत एकच शब्द पडद्यावर तंतोतंत सारखा दिसतो, पण आत वेगळा साठवलेला असतो. लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट, फोनवर जीबोर्ड, मध्येच बोलून टाइप केलेलं, असं मिश्रण झालं की शोधाशोध फसू लागते. नेमक्या जागा अशा:

‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र. बरोबर रूप म्हणजे ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१), हलन्त आणि य. पण बरेच कीबोर्ड साधा र, हलन्त, झीरो-विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह, २००डी) आणि य असं घालतात. दिसायला एकच. इनस्क्रिप्टवर शिफ्ट दाबून जे दाबलं की थेट ऱ येतो, ही सवय लावून घ्या.

‘ॲप’, ‘ॲसिड’ यांतला ॲ. तो एकाच क्रमांकाचा (०९७२) असू शकतो, किंवा अ आणि वरचा चंद्र असा दोन तुकड्यांचा, किंवा त्या दोघांच्या मध्ये जॉइनर घातलेला. तीन रूपं. ऑचंही असंच, आ आणि चंद्र जोडून.

विसर्गाच्या जागी कोलन. ‘दुःख’ शोधलं आणि दहा ठिकाणी सापडायला हवं तिथे चारच सापडलं, तर उरलेल्या सहा ठिकाणी कोलन आहे असं खुशाल समजा.

पायथनच्या ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधलं ‘नॉर्मलाइझ’ एनएफसी (सुटे तुकडे जोडून एक अक्षर करणाऱ्या) प्रकाराने चालवणं ही पहिली पायरी, पण पुरेशी नाही. र आणि नुक्ता यांचा ऱ ते करून देतं, मात्र जॉइनरवाल्या र्‍यला आणि तुटक्या ॲला ते हातही लावत नाही. म्हणून त्यानंतर स्वतःची अदलाबदल लिहा, याच क्रमाने:

१. र + हलन्त + जॉइनर या जागी ऱ + हलन्त.
२. अ + जॉइनर + चंद्र या जागी ॲ.
३. अ + चंद्र या जागी ॲ, आणि आ + चंद्र या जागी ऑ.
४. दोन देवनागरी अक्षरांच्या मधोमध आलेला कोलन असेल तर विसर्ग.

शब्दाच्या शेवटचा कोलन आपोआप बदलू नका. ‘स्वत:’मध्ये तो विसर्ग आहे, ‘ती म्हणाली:’मध्ये नाही. त्यासाठी स्वतः, पुनः, प्रायः, अक्षरशः, अंशतः अशा शब्दांची छोटी यादी ठेवा आणि तेवढेच बदला. तसंच सगळे अदृश्य जॉइनर आणि नॉन-जॉइनर सरसकट पुसून टाकू नका. ‘वाङ्‌मय’मध्ये पाय मोडलेला ङ दिसतो तो बहुधा नॉन-जॉइनरमुळेच, पुसलात तर जोडाक्षराचा आकार बदलतो.

स्क्रिप्ट चालवण्याआधी कमिट. प्रत्येक वेळी. आणि विंडोजवर फाइल उघडताना ‘एनकोडिंग’ यूटीएफ-८ आहे असं स्पष्ट लिहा. नाही लिहिलं तर पायथन तिथली जुनी एनकोडिंग धरून चालतं, आणि एक तर चुकीचा संदेश येतो किंवा मराठीच्या जागी कचरा. त्यातही कचरा जास्त वाईट, कारण तो गुपचूप येतो.

शब्द मोजणं

इंग्रजी उदाहरणांतून उचललेली शब्दमोजणी मराठीत हास्यास्पद आकडे देते. पायथनच्या ‘आरई’ या शोधाच्या मॉड्यूलला काना, वेलांटी, हलन्त ही अक्षरं वाटत नाहीत. ‘मराठी’ हा एक शब्द त्याला ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन शब्द वाटतात. म्हणजे कादंबरी एका रात्रीत दुप्पट. आनंद होतो, पण खोटा.

उपाय साधा: मजकूर ‘स्प्लिट’ने मोकळ्या जागांवर तोडा, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांची विरामचिन्हं काढा, आणि ज्यात निदान एक देवनागरी अक्षर किंवा आकडा उरला तेवढेच मोजा. विरामचिन्हांची पायथनमधली तयार यादी फक्त साध्या चिन्हांची आहे. गोल अवतरणचिन्हं, लांब रेघ, तीन टिंबांचं एकचिन्ह हे त्यात हाताने घाला. डोक्यावरच्या चार ओळी मोजणीतून वगळा.

अक्षरसंख्येच्या भानगडीत पडूच नका. ‘स्त्री’ म्हणजे आपल्या दृष्टीने एक अक्षर, पायथनच्या ‘लेन’च्या दृष्टीने सहा चिन्हं, आणि युनिकोडचे अक्षरगट मोजणारी लायब्ररी जुनी असेल तर तीन.

उद्दिष्ट ठरवताना इंग्रजी लेखकांचे दिवसाला हजार शब्द डोक्यात ठेवू नका. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘घरासमोरून’ला इंग्रजीत पाच-सहा शब्द लागतील, आपला एक. दिवसाला ३००, आठवड्यातले पाच दिवस म्हणजे १,५००. साठ हजारांचा पहिला खर्डा ४० आठवड्यांत होतो. गणपती, दिवाळी, ऑफिसातलं मार्चअखेर धरून वर्ष म्हणा.

काळ तपासणारी स्क्रिप्ट

कोड आणि कादंबरी खऱ्या अर्थाने एकत्र येतात ते इथे. ठाणे-नवी मुंबईत घडणाऱ्या गोष्टीत सगळ्यात जास्त घसरायला होतं ते काळावर, कारण हा परिसर पन्नास वर्षांत ओळखू येणार नाही इतका बदलला आहे. १९९८ मध्ये घडणाऱ्या प्रसंगात नायिका ठाण्याहून थेट लोकलने वाशीला जाते. वाचक तिथेच थांबतो, कारण ती लोकल २००४ मध्ये सुरू झाली.

एक तक्ता करा. स्तंभ पाच: गोष्ट, शोधायची रूपं, कधीपासून, कधीपर्यंत, टीप. सुरुवातीला या ओळी घाला:

पिनकोड, १५ ऑगस्ट १९७२ पासून. सिडको, १९७०. ठाणे महानगरपालिका, १९८२. मानखुर्दहून वाशीला रेल्वे, १९९२. नवी मुंबई महानगरपालिका, १९९२. देशातला पहिला मोबाइल कॉल, जुलै १९९५. ठाणे-वाशी लोकल, नोव्हेंबर २००४. पालघर हा वेगळा जिल्हा, १ ऑगस्ट २०१४. त्याआधी डहाणूचा माणूस ठाणे जिल्ह्यातलाच. यूपीआय, २०१६. बेलापूर ते पेंधर मेट्रो, नोव्हेंबर २०२३. अटल सेतू आणि दिघा गाव स्टेशन, जानेवारी २०२४.

‘कधीपर्यंत’चा स्तंभ रिकामा राहील असं वाटतं, पण तोच मजेशीर आहे. व्हीटीचं नाव १९९६ मध्ये सीएसटी झालं आणि २०१७ मध्ये सीएसएमटी. पण २००५ मधल्या म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी व्हीटी चूक नाही, उलट सीएसटीच कानाला खटकेल. अशा ओळींना टीपेत ‘संवादात चालेल’ असं लिहून ठेवा, म्हणजे स्क्रिप्टने दाखवलं तरी तुम्ही शांतपणे पुढे जाल.

आता शोधण्याची रीत. सरळ ‘वाशी’ शोधलात तर ‘प्रवाशी’ आणि ‘रहिवाशी’ही हजर होतील. लोकलच्या गोष्टीत प्रवाशी किती वेळा येतात विचार करा. आणि सरळ ‘ठाणे’ शोधलात तर ‘ठाण्याला’, ‘ठाण्याहून’ निसटतील, कारण विभक्ती लागताना शब्दाचं रूपच बदलतं. शब्दाची सीमा शोधणारी तयार खूणही इथे बिनकामाची. तिला प्रत्येक काना-मात्रेशी सीमा दिसते. म्हणून:

१. वाक्य (म्हणजे एक ओळ) मोकळ्या जागांवर आणि आडव्या रेघांवर तोडा. रेघांवर नाही तोडलं तर ‘ठाणे-वाशी’ हा एकच तुकडा राहतो आणि वाशी हाती लागत नाही.
२. तक्त्यात प्रत्येक नावाचं मूळ रूप आणि सामान्यरूप दोन्ही द्या: ठाणे, ठाण्या, कोपरखैरणे, कोपरखैरण्या, बेलापूर, बेलापुर, पूल, पुला.
३. तुकडा या रूपाने सुरू होतो का बघा. होत असेल तर उरलेलं शेपूट घ्या. शेपूट रिकामं असेल किंवा प्रत्ययांच्या यादीत असेल तरच ती खरी भेट.
४. प्रत्ययांची यादी: ला, ने, नं, त, ात, चा, ची, चे, चं, च्या, शी, हून, कडे, साठी, पर्यंत, पासून, मध्ये, वर, वरून, जवळ, तला, तली, तल्या, ातला, ातली, ातल्या. यांच्यानंतर आलेला ‘च’ किंवा ‘ही’ आधी सोलून काढा. ‘बेलापुरातला’ची शेपूट ‘ातला’ असते, म्हणून कान्यासकटची रूपंही हवीत. यादी कधीच पूर्ण होत नाही. जे निसटलं ते घालत जा.

दोन-तीन शब्दांच्या गोष्टींसाठी सगळी मूळं एकाच ओळीत आहेत का एवढंच तपासा. ‘ठाणे’, ‘वाशी’ आणि ‘लोकल’ तिन्ही हवेत, नुसतं ‘वाशी’ आणि ‘लोकल’ नको, कारण मानखुर्दच्या बाजूने वाशी लोकल १९९२ पासून आहेच. एका ओळीत एक वाक्य ठेवण्याचं फळ ते हे.

फाइलीच्या डोक्यावरचं वर्ष देवनागरी आकड्यांत लिहिलंत तरी पायथनचं ‘इंट’ ते बरोबर वाचतं, वेगळं रूपांतर नको. ते वर्ष तक्त्यातल्या ‘कधीपासून’पेक्षा लहान किंवा ‘कधीपर्यंत’पेक्षा मोठं असेल तर ओळ अहवालात टाका. अहवाल टर्मिनलवर छापू नका, एचटीएमएल फाइलीत लिहा आणि ब्राउझरमध्ये उघडा, म्हणजे जोडाक्षरं शाबूत दिसतात.

खोट्या तक्रारी येणारच. ‘पोलीस ठाणे’ हे गावाचं नाव नाही हे स्क्रिप्टला कळत नाही. १९६० च्या गोष्टीत धोबीतलावचं मेट्रो थिएटर आलं (ते १९३८ पासून आहे) तर ती मेट्रो रेल्वे समजून बोंबलते. फ्लॅशबॅकमधलं वर्ष वेगळं असतं, त्यासाठी मजकुरातच ‘वर्ष’ची एक खूणओळ घालायची सोय करा. पण खोट्या तक्रारी शून्यावर आणायच्या नादाला लागू नका. शंभर ओळींच्या आत मावते तोवर ही स्क्रिप्ट तुमची नोकर आहे. मराठीचं व्याकरण शिकवायला बसलात की तुम्ही तिचे, आणि कादंबरी तिथेच राहते.

स्क्रिप्ट फक्त तक्त्यात असलेलंच पकडते. रिक्षाचं भाडं, एसटीडी बूथ, खाडीपलीकडच्या मिठागरांची हद्द, हे तिला कुठून कळणार. त्यासाठी जुनी पुस्तकं आणि अंक चाळण्याला पर्याय नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे. अर्धा शनिवार तिथे घालवला तर तक्त्यात दहा ओळी वाढतात.

याच कोडचा दुसरा उपयोग पात्राचं नाव बदलताना. ‘सुमा’ची ‘उमा’ करायला शोधा-बदलाचं बटण दाबलंत तर ‘सुमारे’चं ‘उमारे’ होतं आणि ‘सुमार’चं ‘उमार’. शेपूट तपासणारं तेच फंक्शन वापरा. आणि नवं नाव जुन्यासारख्याच स्वरात संपतं का बघा: ‘सुमा’ची ‘उमा’ झाली तर प्रत्यय तसेच लागतात, ‘अनंत’चा ‘बंडू’ केलात तर ‘अनंताला’चं ‘बंडूाला’ होऊन बसेल. तिथे सामान्यरूपांची जोडी हाताने द्या.

नोंदवही

नोंद फोल्डरात एक सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) फाइल. रोज एक ओळ, सहा रकाने: तारीख, काम (कथा की कोड), मिनिटं, एकूण शब्द, काय झालं, पुढचं पाऊल. शब्द स्क्रिप्टने भरावेत, हाताने नाही. हाताने भरलेला आकडा नेहमी थोडा उदार असतो. एक्सेलमध्ये उघडणार असाल तर लिहिताना ‘यूटीएफ-८-सिग’ एनकोडिंग वापरा, नाहीतर एक्सेल मराठीचा चिवडा दाखवतं.

पहिले पाच रकाने कौतुकाचे, सहावा कामाचा. ‘पुढचं पाऊल’मध्ये ‘प्रकरण ४ पूर्ण करणे’ लिहू नका. ‘०४-०३: काका दार उघडतात, पण पत्राचा विषय उमानेच काढायचा’ असं लिहा. कोडसाठी ‘बग काढणे’ नको, ‘बेलापुरातला सुटतोय, प्रत्ययांची यादी बघणे’ हवं. वीस दिवसांनी परतल्यावर हीच एक ओळ वाचायची आणि थेट लिहायला बसायचं.

बसण्याचा क्रम ठरलेला ठेवा: आधी चाळीस मिनिटं कथा, मग उरला वेळ तर कोड. उलट केलंत तर कथेची पाळी येत नाही, कारण कोड लगेच चालून दाखवतो आणि कथा दाखवत नाही. नवं काही बनवायची हुक्की आली तर वहीत टाका, आणि तीच अडचण तीनदा आल्याशिवाय हात लावू नका. संपादनाच्या दिवसांत शब्द उणे होतील. ते तसेच लिहा.

प्रवासातलं वेगळं गणित. ठाण्याहून सुटणाऱ्या ट्रान्स-हार्बर गाडीत बसायला जागा मिळाली तर वाशीपर्यंत अर्ध्या तासाच्या आसपास वेळ मिळतो. त्यात नवं लिहिण्यापेक्षा कालचं वाचावं आणि खटकलं तिथे दोन ॲट-चिन्हं टाकावीत. घरी आल्यावर शोधलं की सगळ्या जागा सापडतात. उभ्याने टाइप करण्याचा खटाटोप नको. सकाळी लॅपटॉपवर ‘पुश’ विसरून फोनवर लिहिलंत तर संध्याकाळी दोन वेगळ्या प्रती समोर येतात. म्हणून फोनवर फक्त खुणा, लॅपटॉपवर फक्त लेखन, हा भेद पाळला तर तंटा फारसा होत नाही.

महिन्याच्या शेवटी याच वहीवरून दोन-अडीचशे शब्दांचा प्रगतीचा मजकूर लिहा, चार वाचणाऱ्या मित्रांसाठी. त्यात आकडे हवेत (‘प्रकरण ४, ३,१०० शब्द, दोन दृश्यं कच्ची’), अडलेली एक गोष्ट हवी, आणि टाकून दिलेलं काही असेल तर ते का टाकलं हे हवं. तारखेचं वचन नको. कथेचा मजकूर ग्रुपवर चिकटवू नका. काही संपादक आधी कुठेही प्रसिद्ध झालेलं घेत नाहीत. कोडची प्रगती वेगळ्या परिच्छेदात, तीन ओळींच्या वर नाही.

बाहेर काढताना

सगळी दृश्यं क्रमाने जोडणारी, डोक्यावरच्या ओळी काढणारी छोटी स्क्रिप्ट लिहा आणि तिची एकत्र फाइल पॅनडॉकला द्या. भाषा म्हणून ‘एमआर’ हा कोड द्यायला विसरू नका. मराठी ल आणि श यांचे आकार हिंदीपेक्षा वेगळे असतात, आणि ज्या फॉन्टमध्ये दोन्ही आहेत तो भाषा बघूनच आकार निवडतो.

संपादकाला वर्डची फाइल लागते. पॅनडॉकने केलेल्या फाइलीचा फॉन्ट बदलत नाही अशी अडचण येते, कारण वर्डमध्ये देवनागरीसाठी ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ असा फॉन्ट आणि आकार वेगळा असतो. नमुना-फाइलीच्या स्टाइलमध्ये तो बदला.

पीडीएफसाठी पॅनडॉकचं नेहमीचं इंजिन देवनागरी घेत नाही; झी-लाटेक निवडा, मुख्य फॉन्ट द्या (टिरो देवनागरी मराठी, मुक्ता, शोभिका, कोणताही) आणि फॉन्टच्या पर्यायांत लिपी देवनागरी, भाषा मराठी असं लिहा. लिपी नाही लिहिली तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. ई-पबला यातलं काही लागत नाही, ते सरळ होतं. दिवाळी अंकाला द्यायचं असेल तर पावसाळ्यातच मजकूर तयार हवा, तारीख ज्या-त्या संपादकाला विचारा. आणि मांडणी करणाऱ्याने तुमचा मजकूर इनडिझाइनमध्ये घेतल्यावर अक्षरं फुटली, तर त्याला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडायला सांगा. दोष तुमच्या फाइलीत नसतो.

प्रत

एक प्रत लॅपटॉपवर, एक गिटहबवर, एक पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्हसाठी ‘गिट बंडल’ वापरा, सगळा इतिहास एका फाइलीत येतो. महिन्याच्या शेवटी, प्रगतीचा मजकूर लिहिताना, एवढं करा. तीन महिन्यांतून एकदा त्या बंडलमधून नव्या फोल्डरात ‘क्लोन’ (पूर्ण प्रत) करा आणि तिथे शब्दमोजणी चालवा. आकडा लॅपटॉपवरच्या त्या दिवशीच्या कमिटशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर बहुधा एखादी नवी फाइल ‘ॲड’ करायचीच राहिलेली असते. ‘गिट स्टेटस’ ती लाल अक्षरांत दाखवतं.